गौर आणण्याआधीची फुगडी

मुलीने टीव्हीवर ते पिक्चरचं खातं उघडून दिलं तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, मला नको. मी चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात.

"बाबा, वाचायचंय कुठे?" ती म्हणाली. "रिमोटवर माइकचं चित्र आहे. ते दाबायचं नि बोलायचं. देशातल्या सगळ्या भाषांचं आहे यात. जुने मराठी पिक्चर आहेत, सिरियली आहेत. वर्षभराचं भरून ठेवलंय मी."

"फुकट घालवलंस."

"मग बघून वसूल करा."

तिने माझ्या नावाचा एक चौकोन केला. त्यात मिशीवाल्याचं कार्टून टाकलं. मिशी मी कधी ठेवली नाही. पण भांडायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सोडून दिलं. बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

करी रोडला आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे. मी एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. दुपारी खिडकीतून नुसतं ऊन दिसतं, माणूस दिसत नाही. तीन-चार महिने मी कुस्त्या बघितल्या, समुद्रातले मासे बघितले. एका दुपारी जेवून बसलो होतो. हातात रिमोट होता. काय मनात आलं ठाऊक नाही, माइक दाबला आणि एका पिक्चरचं नाव बोललो. त्याआधी ते नाव मी आमच्या घरात कोणाला घेऊ दिलं नव्हतं. इथेही लिहीत नाही.

टीव्हीने आधी भलताच कुठला तरी हिंदी पिक्चर आणला. मी परत बोललो, चढ्या आवाजात. मग तो आला. काळा-पांढरा.

तो पिक्चर आमच्या चाळीत काढला होता. म्हणजे त्यातला एक सीन. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागावर होतो, पहिली पाळी. घरी मी, बायको आणि माझी आई. वडील मी लहान असतानाच गेले होते. बायकोला पाचवा महिना होता. तेव्हा चैत्र चालू होता. पिक्चरवाल्यांना हवा होता भाद्रपदातल्या गौरीचा जागर. त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कागदाची फुलं बांधली, खोट्या गौरीला साडी नेसवली आणि चाळीतल्या बायकांना म्हणाले, खेळा फुगडी. बायका खेळल्या.

मी संध्याकाळी घरी आलो तोवर सगळी चाळ त्याच गोष्टीने भरली होती. पण कोण कोण खेळलं ते माझ्यापुढे कोणी बोललं नाही, तेव्हाही नाही, पुढेही नाही. माझं डोकं फिरलं. आम्ही कोकणातली माणसं. गौरीची फुगडी गौरीपुढे. गौर घरात आलेली नाही, भाद्रपदाला पाच महिने आहेत, आणि बाया कॅमेऱ्यापुढे फेर धरतात! आज हे कोणाला हसण्यासारखं वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही.

मी आईला विचारलं, "आपल्यातलं कोण खेळलं?"

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "माका काय इचारतंस? तुझ्या बायलेक इचार."

बायको दारातच उभी होती. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मी नाही खेळले."

"मग कोण खेळलं?"

ती गप्प राहिली. गप्प बसली म्हणजे कबूल केलं, असा माझा हिशेब. आमच्या मुकादमाने मला असाच धरला असता.

सातव्या महिन्यात ते मूल गेलं. मुलगा होता. हॉस्पिटलातून घरी आलो त्या दिवशी आई म्हणाली, "गौर हाडल्याशिवाय फुगडी घातली मां. आता भोग." मी आईला थांबवलं नाही. उलट पुढे कितीतरी वर्षं, भांडण कशावरूनही असो, शेवटी मी ते वाक्य काढायचो. भाजी खारट झाली तरी.

पिक्चर लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चला ना एकदा. तुमच्या डोळ्यांनी बघा."

मी म्हणालो, "बायकोचा नाच बघायला तिकीट काढू?"

तिलाही जाऊ दिलं नाही. परळला थेटर चालत दहा मिनिटांवर होतं. पुढे मुलगी झाली, तीही गौरीत फुगडी खेळायची नाही, असा माझा हुकूम. चाळीतल्या पोरी खेळायच्या, ही कठड्याला टेकून बघायची.

तर त्या दुपारी तो सीन आला. आधी मला चाळच दिसली. आमचा कठडा, पाण्याचं पिंप, आमच्या दाराची तुटकी फळी. जी जागा मी डोळ्यांनी जमीनदोस्त होताना बघितली, ती समोर उभी. मग बायको दिसली. विशीतली. खांबाला टेकून उभी, पदर ओढून पोटावर घेतलेला. ती खेळत नव्हती. बाकीच्या बायका मध्ये घुमत होत्या आणि ही बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

माणसाने तिथे रडायला हवं होतं. मी रडलो नाही. मी मनात म्हणालो, आत्ता उभी आहे, नंतर खेळली असेल.

पुढच्या दोन दुपारी मी तेच केलं. रिमोटवर एक बटण आहे, दाबलं की चित्र दहा सेकंद मागे जातं. साचेवाल्याची नजर मेल्यावर जाईल तेव्हा जाईल. शेकडो धाग्यांत तुटलेला एक धागा धावत्या साच्यावर दिसायचा मला. ती नजर लावून मी माझ्या मेलेल्या बायकोचा गुन्हा शोधत बसलो. ती खेळलेली निघावी म्हणून. एक हात, एक बांगडी, पाठमोरी वेणी. म्हणजे मी इतकी वर्षं बोललो ते खरं ठरेल.

ती फेरात कुठेच नव्हती. आई होती.

पहिल्या दिवशी मला दिसली नाही, कारण मी तिला शोधतच नव्हतो. अगदी मध्ये, पदर खोचलेला, शेजारणीचे हात धरून गरगर फिरत होती माझी आई. डोक्यावरचा पदर पडलेला. तोंड उघडं टाकून हसत होती, पडलेला दात दिसत होता. विधवेने गौरीच्या खेळात उतरायचं नाही, ही तेव्हाची रीत, आणि चाळीत ती रीत सांगत फिरणाऱ्यांत मी पहिला. बायको टाळ्या वाजवत होती त्या तिच्यासाठी. सासूकडे बघून हसत होती.

मी बटण दाबत राहिलो. दोघी परत परत तेच करत राहिल्या. एक फिरते, एक टाळ्या वाजवते. दोघींच्या जाण्यात किती वर्षांचं अंतर, आणि इथे दोघींत चार पावलंसुद्धा नाहीत. आवाज बंद केला तरी मला टाळ्या ऐकू येत होत्या. टीव्ही बंद केला, तेव्हाही. संडासात गेलो, तिथेही. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, भाजी आणायला खाली उतरलो तेव्हा लिफ्टमध्येसुद्धा. म्हाताऱ्याचे कान वाजतात म्हणतात, वाजत असतील. पण ताल फुगडीचा होता.

त्यानंतर टीव्ही लावला की तोच पिक्चर सगळ्यांत वर येऊ लागला. मशीन लक्षात ठेवतं म्हणे, माणूस काय बघतो ते.

रविवारी मुलगी आली. तिला डबे रिकामे करू दिले, चहा होऊ दिला. मग तो सीन लावला.

"अय्या, आई!" ती ओरडली. "किती बारीक होती! बाबा, हे कधी..." मग पुढे वाकली. "आणि ही मधली कोण? काय सॉलिड फिरतेय!"

मुलगी चार वर्षांची असताना माझी आई गेली. हिला आजी ठाऊक ती भिंतीवरची, हार घातलेली, कपाळाला आठी. मी सहज सांगू शकलो असतो, चाळीतली कोणीतरी. बायकोवरचा डाग तेवढ्यानेही पुसला गेला असता. आणि आईचं नावही राहिलं असतं. दोन दिवस माझ्या मनात तेच होतं.

"ती माझी आई," मी म्हणालो. "तुझी आजी."

"आजी? आजी हसायची?"

"मला नाही माहीत."

मग मी तिला सांगितलं. पोराचं, चुलीपुढे बसून आई काय बोलली त्याचं, भाजीचं, थेटराचं. तिच्या चहावर साय धरली.

शेवटी म्हणाली, "आणि आईने जन्मभर तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मी खेळले नाही म्हणाली होती."

"आजीचं नाव का नाही घेतलं?"

"घेतलं असतं तर मी आईला काय केलं असतं, ते तिला ठाऊक होतं."

"आणि आजी खोटं का बोलली?"

"त्याच कारणाने."

हे मला तिला उत्तर देताना कळलं. त्या घरात दोन बाया होत्या आणि दोघी माझ्या पायांचा आवाज ओळखून वागत होत्या. एकीने घाबरून खोटं सांगितलं, दुसरीने ते सांभाळलं. आईवर रागवायला मी दोन दिवस जागा शोधत होतो, ती सापडेना.

मुलगी परत टीव्हीकडे बघू लागली. चित्र थांबवलेलं होतं. आई अर्ध्या गिरकीत, बायकोचे हात टाळीच्या आधी उघडे.

"कसल्या खूश आहेत दोघी," ती म्हणाली. "तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"पाळीवर. गिरणीत."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि लगेच तिने माझ्याकडे बघितलं, तिची आई बघायची तसं, आता हा ओरडणार म्हणून.

मी म्हणालो, "खरंच बरं झालं."