झडपेची शिवण

आमच्या गल्लीच्या टोकाला ती राहते. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर निळा कपडा, आणि दाराशी चपला नेहमी जोडीने, टाचा भिंतीला टेकवून. सगळे तिला आभाळाची शिंपीण म्हणतात. उगाच नाही म्हणत. सव्वीस वर्षं ती उपग्रहांना कपडे शिवत आली आहे.

हसू नका. वर गेलेल्या उपग्रहाच्या एका अंगाला भाजून काढणारं ऊन असतं आणि दुसऱ्या अंगाला हाडं फोडणारी थंडी. म्हणून त्याला पांघरूण लागतं, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या वीस पदरांचं, वरून सोनेरी. ते काम यंत्रावर सोपवता येत नाही, त्याला माणसाचीच बोटं हवीत. गावाबाहेरच्या कारखान्यात पांढरी टोपी आणि हातमोजे घालून ती बसते. सुया सकाळी मोजून मिळतात, संध्याकाळी मोजून परत द्यायच्या. एक सुई कमी भरली तर कुणी घरी जात नाही. टाके जितके कमी तितके बरे, कारण प्रत्येक भोकातून ऊब निसटते. तिचे टाके सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत सारखे. हे ती कधी तोंडाने बोलली नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं.

त्याआधी ती तान्ह्या मुलांची झबली-टोपडी शिवायची. म्हणून की काय, वर गेलेल्या प्रत्येकाला ती लेकरूच म्हणे. हा पावसाचा, हा वादळाचा, हा समुद्राचा. तिच्या धाकट्या जावेला हे आयतंच सापडलं होतं. रेडिओवर पावसाचा अंदाज आला की ती गॅलरीतून ओरडायची, "जाऊबाई, तुमच्या लेकराचा निरोप आलाय, वाळत घातलेलं काढा!" आणि कुणी भेटलं की सांगायची, "आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं, हा प्रश्न आमच्या घरात पडत नाही."

खुद्द उपग्रह शिंपिणीला कधी दिसत नाही. तिच्यापुढे येतं ते कागदी माप. पण नुसत्या मापावरून कुणाचा खांदा उतरलेला आहे आणि कुणाला पोट सुटलंय हे सांगणारी ही बाई, तिला कागद पुरे. मापाच्या एका कडेला 'जमिनीची बाजू' असं लिहिलेलं असतं. तिथे मोठं गोल भोक असतं, तो उपग्रहाचा डोळा. ताऱ्यांकडे बघायचे बारीक डोळे बाजूला असतात, त्यांना काचेची किनार.

गेल्या वर्षी एक माप आलं. जमिनीच्या बाजूला डोळाच नव्हता. बाजूच्या अंगाला मुठीएवढी चार भोकं होती, आणि प्रत्येकावर झडप शिवायची होती, आतून धक्का बसताच उघडणारी. भोकाच्या कडेला आगीने जळणार नाही असं जाड अस्तर. शिंपिणीने तो कागद टेबलावर पसरला, त्यावरून हात फिरवला, आणि तिचा हात थांबला. यातून काही बघायचं नव्हतं. यातून काही बाहेर पडायचं होतं. आणि बाजूला असतात ते दुसऱ्यांचे उपग्रह.

"बाई, हा कशाचा?" तिने देखरेखीवरच्या बाईंना विचारलं.

"याला नुसता नंबर आहे. मावशी, गुपित राखायच्या कागदावर तुमची सही आहे ना?"

"आहे की."

"मग शिवा."

तिने शिवलं.

यंदा वाचनालयाच्या खोलीत रविवारी वादविवाद ठेवला होता : अंतराळात शस्त्रं ठेवावीत का? एका बाजूला निवृत्त गुरुजी, दुसऱ्या बाजूला निवृत्त फौजी. बाकांवर साठेक माणसं. गुरुजींनी आपल्या लोकप्रतिनिधीला पाठवायचं पत्र आणलं होतं, बंदी घाला म्हणून.

"शेजाऱ्याने दाराशी कुत्रा बांधला, तर आपण मांजर बांधायची का?" फौजी म्हणाले. खोली हसली.

"कुत्रा भुंकून गप्प होतो," गुरुजी म्हणाले. "वर एक उपग्रह फोडला की त्याचे तुकडे वर्षानुवर्षं गोळीसारखे फिरत राहतात. अंगण कुणाचं ते तुकडे विचारत नाहीत. देशादेशांमधला जुना करार अणुबाँब वर ठेवू देत नाही, पण बाकीच्या शस्त्रांबद्दल तो गप्प आहे."

"अहो, पण आपण काही ठेवलंय का वर? नाही त्याची बंदी कशाला? विचारा की मावशींना. सगळ्यांना कपडे त्याच घालतात."

साठ माना वळल्या. त्या नजरांत काय कौतुक होतं! जाऊ तर पदर सावरून अशी बसली, जणू प्रश्न तिलाच विचारला आहे.

शिंपीण उठली. "छे," ती म्हणाली. "मी शिवते ते पाऊस बघणाऱ्यांना."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने मी वाजवल्या. खिशातल्या पेनांकडे गेलेले हात परत आले. गुरुजींच्या पत्रावर नऊ सह्या झाल्या.

"जाऊबाई, एका शब्दात गुरुजींची हवा काढलीत!" वाटेत जाऊ म्हणाली. शिंपीण झपाझप पुढे चालत राहिली. घरी जावेच्या नातीचा फ्रॉक अर्धा शिवलेला होता. ती यंत्राशी बसली. टाके वाकडे पडले. तिने उसवले, पुन्हा घातले, पुन्हा वाकडे. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. फ्रॉक तसाच टाकून ती गुरुजींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पत्र पाठवू नका," ती म्हणाली. "लोकांना पुन्हा बोलवा. मला बोलायचंय."

पुढच्या रविवारी ती वर्तमानपत्राचा कागद घेऊन आली. कात्रीने त्यात मुठीएवढी चार भोकं पाडलेली होती. तो टेबलावर पसरून ती म्हणाली, "मागच्या रविवारी मी खोटं बोलले." मग माप, झडप, अस्तर, सगळं सांगितलं.

"मावशी, खात्री आहे तुम्हाला?" फौजींनी हळूच विचारलं.

"दादा, सदऱ्याला बाही लावताना हात कुठून निघणार, हे शिंप्याला कळत नाही का?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?" गुरुजी म्हणाले.

"नोकरी जाईल म्हणून. आणि तुम्ही सगळे माझ्याकडे कसे बघत होता..." ती कागदाची एक कड दुमडत राहिली. "पण ती लाज मोठी नाही. मोठी वेगळीच आहे. ती झडप अडकली तर माझं नाव जाईल, म्हणून मी चारदा उसवून ती पुन्हा शिवली. इतकी सुरेख शिवण मी पावसाच्या एकाही लेकराला घातली नाही. बाईंनी पाठ थोपटली, तेव्हा मला बरं वाटलं. काय शिवतेय हे माहीत असून बरं वाटलं."

कुणी टाळी वाजवली नाही. माझे हात मी मांडीखाली घेतले होते. जाऊ, जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती नुसती बाकावर सरकली आणि तिच्यासाठी जागा केली. शिंपीण बसली नाही. तिने आधी पत्रावर सही केली, मग तो भोकांचा कागद घडी करून बरोबर नेला.

सोमवारी तिला रोज न्यायला येणारी कारखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. शिंपीण दारात बसली होती. मांडीवर तो फ्रॉक. ती एकेक टाका उसवत होती.