नवनाथचा फॉरेनचा दिवाण

शिरूरच्या नवनाथच्या नाकावर माशी बसली तरी तो आधी तिचा देश इचारील. रांजणगावला एका कंपनीत स्टोअरला हाय. तिथं परदेशातनं मशिनी येतात लाकडी खोक्यांत, आन् रिकामी खोकी जातात भंगारात. ह्या बाबाला लेकीच्या रुखवतात दिवाण मांडायचा तर बाभळ नको, सागवान नको. त्या खोक्यांचंच लाकूड पायजे. दौंडच्या व्याह्यांना मात्र सांगितलं, साहेबांनी खास माझ्यासाठी मागवलंय.

खोक्याच्या फळीवर शिक्का असतो, लाकूड भाजून किडा मारल्याचा. ह्याला तो डाग वाटला. शिक्क्याच्या फळ्या बाजूला सारून यानं बिनशिक्क्याच्या गोऱ्यागोमट्या निवडल्या. अक्कल बघा! अयुब मिस्त्री रंधा मारताना म्हनला, आत कायतरी कुरतडतंय. नवनाथनं त्यालाच सुनावलं, की जल्मभर बाभळ तासनाऱ्याला फॉरेनचं लाकूड काय कळनार. अयुबनं बी गुमान पॉलिश मारलं.

रुखवतात बायांनी दिवाणावर हात फिरवले. नवनाथ शेजारी असा उभा, जनू झाड यानंच लावलं व्हतं.

पावसाळा सरला आन् दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधी दिवाणाखाली रोज भुसा पडाया लागला. लेक समृद्धी गुपचूप झाडायची. बापाची शान व्हती ना ती. मग एका सकाळी फळीला बोट जाईल एवढं भोक, आन् लोडावर लांबलचक मिशांचा किडा. जावयानं तो डबीत घालून शेतकी कॉलेजात दाखवला. तिथनं कळवलं, तसे कृषी खात्याचे साहेबच दारात आले. किडा आपल्याकडचा न्हाई, म्हनले, उभ्या झाडात शिरला तर आवरायचा न्हाई. दिवाण जाळावा लागंल. पन लाकूड आलं कुठनं? तिथली बाकीची खोकी बी गाठायला पायजेत.

नवनाथला बोलावून घेतलं. समोर विहीणबाई पुतळाबाई, शेजारी जावई. ह्यानं आपलं मॅनेजर, बंदर, जहाज असं गुऱ्हाळ लावलं.

"पप्पा, खरं सांगा," समृद्धी म्हनली. "दारातला आंबा जाईल आत्यांचा."

नवनाथ पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हनला, "कंपनीच्या भंगारातलं हाय."

पुतळाबाईंनी पदर सावरला. "तवाच सांगायचं व्हतं, पाव्हणं. आल्या-गेल्याला त्याच्यावरच बसवलं आमी."

कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत दिवाण जाळला. नवनाथ शेवटपर्यंत उभा व्हता, मान खाली घालून.

वाटलं, आता तरी सुधारंल. कशाचं काय! दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधी शेजारच्याला सांगत व्हता, आमच्या दिवाणासाठी सरकारनं गाडी पाठवली, आन् धूर काय निघाला म्हनून सांगू, पांढराशुभ्र. बाभळीचा न्हाई निघत तसा.