नितीनची बोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल. की या भाऊबीजेपासून माझा मलाच इतका संताप आलाय की तोंड बंद ठेवणं जमत नाही? तेही असेल.

मी इलेक्ट्रिक गिटार बनवतो. नाशिकला, आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये. गाडी बाहेर उन्हात तापते आणि आत लाकूड सावलीत. शिवणीच्या लाकडाची बॉडी, सागाची नेक, तिच्यावर बोटांनी तारा दाबायला शिसवाची पट्टी. लोक येतात, हात फिरवून बघतात, विचारतात, "हे घरी बनवलंय?" मला ते आवडतं. किती सावकाश, किती जपून काम करतो हा माणूस — असं कुणी म्हटलं तर फारच आवडतं. जपून! थू.

नितीन माझा मेहुणा. वैशालीचा धाकटा भाऊ, सायखेड्याचा. गिटार वाजवायचा — कसं सांगू? दिंडोरीकडच्या वायनरींमध्ये शनिवार-रविवार त्याचा ग्रुप वाजवायचा, तेव्हा गप्पा छाटत बसलेली टेबलं गप्प व्हायची. माझी पहिली गिटार कुणी हातात धरायला तयार नव्हतं. वजनाला धोंडा होती ती. नितीन ती गळ्यात अडकवून स्टेजवर गेला आणि परत येऊन म्हणाला, "दाजी, आवाज गोड आहे हो." गोड बिड काही नव्हता. त्याचा हात गोड होता. पण त्या संध्याकाळनंतर माझ्याकडे लोक यायला लागले.

मग त्याला स्वतःच्या हाताने एक गिटार करायची हौस आली. सुट्टी मिळाली की पंचवटीतल्या वखारीतून लाकूड निवडून घेऊन यायचा. मी शिकवायचो. शिकवताना मी फार कडक — मोबाईल लांब, बाह्या वर, मशीनपाशी गप्पा नाहीत. दुसऱ्यांसाठी माझे नियम पुष्कळ होते.

आमच्याकडे रंधा मशीन आहे. लांब लोखंडी टेबल, मधोमध फिरणारी पाती. लाकूड वरून ढकलत न्यायचं, खालून ते सपाट होत जातं. पात्यांवर एक झाकण असतं. लाकूड आलं की बाजूला सरकतं, लाकूड गेलं की आपोआप परत पात्यांवर येतं. हात वाचतो तो त्या झाकणामुळे. माझ्या मशीनचं झाकण अडकायचं. बारीक तुकडे करताना मध्ये मध्ये यायचं. मला चीड यायची. स्प्रिंग बदलायची — एवढंच काम होतं हो! पण एका सकाळी मी वैतागून ते झाकण काढलं, कपाटावर ठेवलं आणि माझं काम उरकलं. परत बसवलं नाही. आळस. दुसरा शब्द नाही त्याला.

दुपारी नितीन आला. शिसवाची पट्टी सरळ करायची होती त्याला. झाकण काढलंय हे मला माहीत होतं. सांगायचं होतं — जिभेवर होतं. तेवढ्यात एका गिऱ्हाईकाचा फोन आला आणि मी बोलत बोलत फाटकापाशी गेलो. गिऱ्हाईक माझ्या गिटारची तारीफ करत होतं. मी ऐकत उभा राहिलो. मग मशीनचा आवाज बदलला.

डाव्या हाताची पहिली दोन बोटं. पेरं उरलीच नव्हती, जोडायला काही नव्हतं. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे काय, हे मी सांगायला हवं का?

वैशाली धावत आली, तिने टॉवेल गुंडाळला, शेजाऱ्यांनी गाडी काढली. ती ओरडली, "अहो, चला ना!" मी म्हणालो, "मेन स्विच बंद करून आलोच." आणि आत गेलो. स्विच बंद केला. मग कपाटावरून झाकण काढलं आणि मशीनवर बसवलं. रक्त ओलं होतं, त्याच्यावरच बसवलं.  अगदी जपून काम केलं. तो बाहेर गाडीत विव्हळत होता, मी स्क्रू आवळत होतो.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"दाजी, झाकण नव्हतं ना?"

"होतं की. तूच उचललं असशील."

 "असेल. घाईत होतो," तो म्हणाला.

बस. एवढ्यात झालं सगळं. माझ्या शब्दापुढे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं. मला त्याचाही राग येतो — का नाही भांडलास रे? का नाही गचांडी धरलीस? बघा, अजूनही त्याच्यावरच ढकलतोय.

वैशाली त्याला सगळ्यांसमोर बोलली, "एवढं सांगत होते हे, तरी तुझी घाई!" सासरे माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले — पोरामुळे तुम्हाला त्रास झाला म्हणून. मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "जाऊ द्या." म्हणालो! मोठ्या मनाने!

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं का? पण मी पुढे गेलो. रविवारी काही जण माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी नितीनची गोष्ट सांगतो. झाकण उचललं की काय होतं, बघा. तो कधी वायरिंगला मदत करायला आलेला असला, तर तारांना सोल्डरिंगचा डाग देणं थांबवून डावा हात वर करून दाखवतो. मी सांगायच्या आधीच दाखवतो. वाजवणं सुटलं, सायखेड्याला टोमॅटो-कांदा बघतो, आणि माझ्याकडे येऊन माझ्या खोट्याचा पुरावा म्हणून उभा राहतो.

या भाऊबीजेला तो मुलीला घेऊन आला. वैशालीने ओवाळलं. जेवताना त्या पोरीने विचारलं, "आत्या, बाबांनी स्वतःच ते झाकण काढलं होतं ना?"

वैशाली काही बोलायच्या आत नितीनच म्हणाला, "हो गं. वेंधळा होतो मी. दाजींचं ऐकलं नाही."

पोरगी बापाकडे बघून हसली. पोर चिडवतं तशी. मी काय केलं? "मशीनशी मस्ती करायची नसते," असं तिला सांगितलं, आणि वैशालीकडे बासुंदी मागितली.

झाकण मी काढलं होतं. परत मीच बसवलं. त्या दुपारी मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. भाऊबीजेला मी घाबरलेलो नव्हतो. मी मजेत जेवत होतो.