फोनने धरून ठेवलेला पत्ता

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणाला दाखवायचं नाही, पण कोणाच्या हाती लागलंच तर चुका पदरात घ्याव्यात.

आमचं घर मारुंजीत. पुढची बाजू आणि वरच्या भाड्याच्या खोल्या मोठ्या जावेच्या, मागच्या दोन खोल्या आमच्या. बाहेर जायचं तर तिच्या ओट्यावरूनच जावं लागतं. मागे दार आहे, पण ते उघडलं की सोसायटीची भिंत. हात लांब केला की हाताला लागते.

आमचे हे उरवड्याच्या कारखान्यात कामाला. मी घरी डबे करते. हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाई करणाऱ्या माणसांचं जेवण माझ्याकडून जातं. महिन्याचं बिल मी कागदावर लिहिते, त्याचा फोटो काढते आणि मेलने पाठवते, कारण तिथे बिल मेलवरच घेतात. हे सगळं मला वरच्या खोलीतल्या मुलीने शिकवलं. ती लातूरकडची, आयटीत नोकरीला.

इंग्रजी मला अक्षरं ओळखण्यापुरतं येतं. पहिलं अक्षर दाबलं की फोन खाली मेलचा पत्ता सुचवतो. त्याच्या शेवटी कंपनीचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवायचं, एवढंच मी धरून ठेवलं होतं. ते नाव कंपनीच्या गाडीवर रोज दिसायचं. मी ते वाचत नव्हते, नुसतं बघत होते. गावात आम्ही बायका बसची पाटीही अशीच ओळखतो.

दिवाळीनंतर कंपनीतल्या हिशेबाच्या मॅडमनी नोकरी सोडली. जाताना त्यांनी मेसेज केला, की आता बिल नव्या सरांना पाठवा, आणि सरांचा पत्ता दिला. मी पहिलं अक्षर दाबलं. मॅडमच्या आणि सरांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच. फोनने लगेच पत्ता पुढे केला, शेवटी कंपनीचं नाव. मला वाटलं, फोनलाही नवे सर कळले. बोट ठेवलं आणि पाठवून दिलं.

पैसे आले नाहीत. पुढच्या महिन्याचं बिल तसंच पाठवलं. त्याचेही आले नाहीत.

फोन करून विचारायचा मला धीर होईना. आमच्या घरात पैसे मागायला बाईमाणूस कधी गेलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मोठी लोकं हायेत, देतील. लई घाई करू नको." डबे बंद करावेत तर मागचं बुडेल. चालू ठेवावेत तर गॅस, तांदूळ, तेल कशाने आणायचं? शेवटी जावेकडे हात पसरला. तिला मी आक्का म्हणते. तिने लगेच दिले, ते मी नाकारणार नाही.

पण त्यानंतर ओटा ओलांडणं जड झालं. आक्का सूप घेऊन तिथेच बसलेली असायची.

"काय गं, तुझं साहेब लोक जेवून हात धुवून गेलं व्हय?"

"येतील आक्का पैसे."

"येतील की. मेलनं येतील. माझंबी मेलनंच दे मग."

समोरच्या दुकानात उभी असलेली माणसंही हसायची. मीठ संपलं तरी मी बाहेर पडेनाशी झाले. उसनं मीठ मागायचं तरी आक्काकडेच.

संक्रांत उलटली. एक दिवस कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला.

"मावशी, डबे फुकट देता का काय? तुमचं बिलच नाही आलं म्हणतात सर."

"पाठवलं की ओ."

"दिसत नाही ना पण. पुढच्या आठवड्यापर्यंत नाही आलं तर दुसरा डबेवाला बघणारेत."

मला खोटी पाडल्यासारखं झालं. विचारायचं कोणाला? वरची मुलगी आक्काची भाडेकरू. तिला सांगितलं की माझा वेडेपणा ओट्यावर पोचणार. तरी रविवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा गेले.

तिने फोन बघितला. "काकू, ही सगळी बिलं जुन्या मॅडमना गेलीत."

"पण कंपनीचं नाव आहे ना त्यात?"

"नाव कंपनीचंच आहे. पण तो पत्ता आता कोणी उघडत नसेल."

तिने फोनमधून मॅडमचं नाव काढून टाकलं. पुन्हा पहिलं अक्षर दाबलं, तर खाली मॅडमचाच पत्ता.

"अरे! डिलीट केलं की मी."

फोन बंद करून चालू केला. मॅडम तिथेच. कुठूनही निघा, ओट्यावर आक्का बसलेली, तसंच हे.

मुलगी कठड्याला टेकून बराच वेळ शोधत राहिली. मग म्हणाली, आपण ज्यांना मेल करतो त्यांचे पत्ते हा फोन आपणहून वेगळ्या यादीत ठेवतो, आपण साठवलेल्या नावांतून काढले तरी तिथे राहतात. ती यादी तिला सापडली. त्यात मॅडम होत्या. तिथून काढल्या. अक्षर दाबलं. खाली काहीच आलं नाही.

"आता सरांचा अख्खा पत्ता तुम्ही टाका."

"तूच टाक ना गं."

"आणि मी खोली सोडून गेले तर? टाका. आणि काकू, नुसता शेवट नका बघू, सुरुवात बघा."

मेसेजमध्ये बघून मी एकेक अक्षर दाबलं. जुनी बिलंही पुन्हा पाठवली.

जिन्याखाली आक्का उभी होती. "काय खलबतं चाललीत दोघींची?"

आता लपवून काय करणार? म्हटलं, "बिलं दुसऱ्याच माणसाला जात होती. मलाच कळलं नाही."

आक्का म्हणाली, "मग आधी बोलायचं न्हाई व्हय? त्या साहेबाला मी रोज शिव्या घातल्या, फुकटच्या."

सरांचं उत्तर आलं. थोडे पैसे लगेच आले, ते आक्काला दिले. तरी बाकी होतीच आणि ओटाही होताच. ती आता टोमणे मारत नव्हती, पण मी खाली बघूनच जायचे.

उरलेले बँकेत आले त्या दिवशी ह्यांनी येताना काढून आणले. मी ओट्यावर गेले आणि सुपाशेजारी ठेवले.

"मोजून घ्या आक्का."

"मोजीन सावकाश. बस की."

"भात ठेवलाय गॅसवर."

तिने मोजले नाहीत. कमरेच्या पिशवीत घातले, पिशवीची नाडी ओढली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"फिटलं गं समदं," ती म्हणाली.