ताईच्या दिव्याचं झाकण

कुणाच्याही घरी गेला की माझा मित्र आधी दिव्यापाशी जायचा. तेलाचा थेंब बोटांत चोळून हुंगायचा. वात कधी फुंकली नाही, चिमटीत दाबायचा. विनोद सांगण्याआधीच हसायचा, म्हणून विनोद बहुतेकदा राहूनच जायचा. मी साहित्यात पदवी घेतली म्हणून मला ‘पंडित’ म्हणायचा.

तो पत्र्याचे दिवे करायचा. आजोबांच्या दिव्यांत चरबी जळायची. घरात खाटकाच्या दुकानाचा वास. वडिलांच्या वेळी माशाचं तेल आलं, मग एरंडेल. दाट तेल आळशी असतं, तो म्हणायचा. वातीशिवाय पेटत नाही. म्हणून दिवे वाटीसारखे, उघड्या तोंडाचे.

मग रॉकेल आलं. स्वस्त, आणि उजेड जास्त. लोकांनी ते त्याच वाट्यांत ओतलं. रॉकेल वातीसाठी थांबत नाही. उघड्यावर सगळंच पेट घेतं. तो घरोघर फिरू लागला. दिवा द्या, झाकण आणि वातीची नळी बसवून देतो. पैसे नकोत म्हटल्यावर लोकांना संशयच आला.

बहिणीच्या लग्नात त्याने तिला मोठा दिवा करून दिला होता. तो मागायला गेला, तेव्हा मी सोबत होतो.

“ताई, एक दिवस दिवा दे.”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं रॉकेलचं दुकान.

“काय मेहुणे, माझ्याच घरात माझ्या मालाला नावं ठेवता?”

“मालाला कुठे, दाजी? दिवा माझा चुकीचा आहे.”

“आत्ता कळलं?”

“निदान झाकण बसेपर्यंत एरंडेल घाला.”

“ते तुम्हीच घ्या. पोट साफ होईल, डोकंही.”

तोही हसला. हसता हसता दिव्याच्या तोंडावर बोटं पसरून माप घेतलं.

परवा संध्याकाळी दिवा भडकला. ताई आतच होती. त्याने धावत जाऊन तिला बाहेर ढकललं आणि पेटता दिवा उचलला. दारापर्यंत आणला. रॉकेल छातीवर सांडलं.

आज सकाळी गेला.

दाजी येईल त्याला सांगताहेत, “दिवा त्याच्याच हातचा होता.” लोक मान हलवतात. ज्यांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं, तेही. ताई खाली बघत बसली आहे.

मी त्याचं दुकान बंद करायला गेलो. बाकावर एक झाकण होतं. एवढ्या रुंद तोंडाचा दिवा गावात एकच. मधोमध भोक पाडलेलं. नळी कापून शेजारी ठेवलेली. झाळून जोडायची राहिली होती.