अर्ध्या तासाचा सौदा

मी आयुष्यात वाईट सौदे फार थोडे केले. त्यातला सगळ्यांत वाईट सौदा मी चहा पीत, हसत आणि आपण जिंकलो असं समजून केला. त्याचा राग अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या म्हैसूरमध्ये एका ट्रस्टचं लहानसं एफएम स्टेशन आहे. शहरात ते नीट लागतं, बोगादीच्या पुढे खरखरतं, आणि टी. नरसीपूरला गच्चीवर जाऊन रेडिओची दांडी एका ठरावीक बाजूला वळवली तरच ऐकू येतं. त्यावर दर बुधवारी सकाळी अकरा ते साडेअकरा माझी थोरली बहीण बोलायची. आम्ही तिला अक्का म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती हे करत होती, आणि एक पैसा न घेता करत होती. कार्यक्रमाचा खर्च माझं कापडाचं दुकान देत असे. त्या बदल्यात आरंभी आणि शेवटी माझ्या दुकानाचं एक वाक्य.

आम्ही मूळचे रंगारी. कपडे रंगवणं आणि छापणं हा घरचा धंदा. तो वडिलांच्या काळात बसला, आणि वडील दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजायला उभे राहिले. मीही तिथंच उभा राहिलो, तिथून बाहेर पडलो आणि स्वतःचं दुकान काढलं. कुणी हात दिला नाही. घासाघीस हेच माझं शिक्षण. इचलकरंजीला माल घ्यायला जातो तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांशी मी अगदी त्यांच्यासारखी मराठी बोलतो, त्यामुळे ते मला परका समजत नाहीत आणि दर बरा लावतात. घरी आलो की चप्पल काढावी तशी ती मराठी दाराशी काढून ठेवतो. हे इथं सांगायला हवं, कारण माझी चूक इथूनच निघाली.

घरची आमची मराठी म्हणजे चार शब्द मराठी आणि दोन कन्नड. अक्का रेडिओवर तशीच बोलायची. आमच्यात मोठ्या बायकांना नावानं हाक मारत नाहीत, म्हणून तीही नाव घेत नसे. गाव आणि नातं सांगून हाक मारायची.

“बोगादीच्या शेवटच्या थांब्याजवळच्या वहिनी, ऊटा झालं का? गुडघा कसा आहे? टी. नरसीपूरच्या मामी, पाणी वाढलंय म्हणे नदीला, सुम्ने काठावर जाऊ नका. धोबीघाटामागच्या काकू, मुलीला बघायला आले ते लोक बरे आहेत, मी चौकशी केली, भ्यायचं कारण नाही.”

ऊटा म्हणजे जेवण, सुम्ने म्हणजे उगाच. आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. अशा हाका मारण्यात दहा मिनिटं जायची. मग एखादी गोष्ट, एखादी भाजी, आजोबांच्या वेळी हिरडा आणि मंजिष्ठा घालून लाल रंग कसा काढायचे ते. पण बायका थांबायच्या त्या पहिल्या दहा मिनिटांसाठी. आपली हाक येते का, यासाठी.

गेल्या वर्षी ट्रस्टनं बंगळूरहून एक तरुण अधिकारी आणला. रेडिओला नव्या काळात न्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं मला बोलावलं. खोलीत पूर्वी टेपांची कपाटं होती, तिथं आता पांढरा दिवा आणि कॅमेरा उभा होता. बोलणं कन्नडमध्येच झालं.

“सर, आता लोक रेडिओ ऐकत नाहीत, ॲप ऐकतात. तुमच्या सिस्टरचा कार्यक्रम ॲपवर फार कमी जण ऐकतात.” त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ जमिनीला चिकटून चालली होती.

“खिडकीत ट्रान्झिस्टर ठेवून ऐकणारी बाई या रेघेत कुठं आहे?” मी विचारलं.

“ती मोजता येत नाही, सर.”

“मोजता येत नाही म्हणजे ती नाही?”

“तसं नाही. पण मला वर काहीतरी दाखवावं लागतं.”

तेवढं मला समजलं. मोजता येईल तेवढंच विकता येतं, हे कापडवाल्याला कुणी शिकवायला नको. पण मी मोजलेलं कापड विकतो आणि न मोजलेल्या ओळखीवर जगतो, हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. कार्यक्रम हवेतून काढायचा आणि फक्त ॲपवर ठेवायचा, असं त्याच्या मनात होतं.

मी दोन तास बसलो. मी उठून दारापर्यंत गेलो, तो हाक मारेपर्यंत बुटाची नाडी बांधत राहिलो. नवरात्रातल्या जाहिराती दुसरीकडे देईन म्हणालो. शेवटी मी जिंकलो. वेळ तीच. हवेवरही आणि ॲपवरही. पुढची दोन वर्षं त्यांनी हात लावायचा नाही आणि खर्च मी द्यायचा, तेही कागदावर.

“मग एक माझंही ऐका,” तो म्हणाला. “ॲपवर टाकताना भाषा निवडावी लागते. मराठी निवडली तर पुण्याचे लोक खाली लिहितात, ही कुठली मराठी. कन्नड निवडली तर इथले कन्नड लोक चिडतात. मॅडमनी शुद्ध मराठी बोलावी आणि सुरुवात आटोपशीर ठेवावी. पहिल्या मिनिटात मुद्द्यावर आलं नाही की लोक पुढं ढकलतात.”

सौद्यात समोरच्याला एक गोष्ट द्यावी लागते, नाहीतर तो मनात डूख धरतो. ज्याची किंमत आपल्याला काहीच नाही, ती द्यायची. मी ती दिली. मला वाटलं, शुद्ध मराठी काय, मी इचलकरंजीत तासभर बोलतो, ही तर शिक्षिका. मी सही केली आणि त्याच्याकडून आणखी एक चहा मागवला.

पुढच्या बुधवारी मी स्टुडिओच्या काचेबाहेर उभा होतो. अक्काच्या तोंडावर पांढरा दिवा. समोर कॅमेरा, कारण आता रेडिओलाही चेहरा लागतो. अक्का बोलताना डोळे मिटते. अधिकाऱ्यानं तिला डोळे उघडे ठेवायला सांगितले. पुढ्यात टाइप केलेला कागद होता.

“नमस्कार श्रोतेहो,” ती म्हणाली. “आज आपण पावसाळ्यातील आहाराविषयी जाणून घेणार आहोत.”

तो आवाज मी ओळखला नाही. शाळा तपासायला कुणी साहेब आला की ती मुलांना ज्या आवाजात कविता म्हणायला लावी, तो आवाज होता. दोन वाक्यं झाली. तिसऱ्या वाक्यात ती मध्येच थांबली. मला वाटलं खोकला आला. तिनं कागद उलटा ठेवला, माइककडे पाहिलं आणि म्हणाली, “साकु.”

पुरे, एवढाच त्याचा अर्थ. हेडफोन काढून तिनं वायर गुंडाळली, नीट, शाळेचा डस्टर ठेवावा तशी जागेवर ठेवली आणि बाहेर आली. अधिकारी मागं मागं येत होता. मॅडम, पुन्हा बसा, ॲपवर टाकताना हे कापता येतं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“शुद्ध बोलायचं कुणी ठरवलं?”

मी म्हटलं, “अक्का, वेळ वाचवली मी. हवेवरची जागा वाचवली. ते बंदच करत होते.”

“मला विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग माझं ‘नाही’ त्यांना सांगायचं होतंस, तम्मा.” धाकट्या भावाला आमच्यात तम्मा म्हणतात. “सौदा चांगला केलास. कापड तेवढं माझं होतं.”

मी स्कूटर काढली. ती रिक्षानं गेली.

करार दोन वर्षांचा होता आणि तो माझ्याच हट्टानं झाला होता, त्यामुळे जागा रिकामी ठेवता येईना. अधिकाऱ्यानं पुण्याहून नोकरीला आलेली एक मुलगी बसवली. मुलगी वाईट नाही. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. आरंभी आणि शेवटी माझ्या दुकानाचं वाक्य ती इतकं छान म्हणते की मला रेडिओ फोडावासा वाटतो. रेघ वर गेली म्हणे. मी तिथं जाऊन तावातावानं भांडलो, पैसे बंद करतो म्हणालो. त्यानं शांतपणे कागद काढून माझी सही दाखवली. आयुष्यभर मी दुसऱ्यांना त्यांच्या सह्या दाखवत आलो होतो.

अक्का चार आठवडे गप्प होती. पाचव्या बुधवारी सकाळी अकराला तिनं फोन हातात धरला, डोळे मिटले आणि बोलायला लागली. हे मला तिच्या सुनेनं सांगितलं. ज्या बायकांना ती हाक मारायची त्यांचा तिनं फोनवर ग्रुप केला होता. एकेक हाक, एकेक बोललेला निरोप. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना शेजारीण ऐकवते. सरगूरला ते स्टेशन कधी पोचलंच नव्हतं. तिथं अक्काची एक चुलत नणंद आहे, ती आता शेतातून येऊन अकराला बसते. बायका उलट निरोप पाठवतात, भांडतात, एकमेकींच्या गुडघ्यांना औषधं सांगतात. त्या अधिकाऱ्याला जे करायला बंगळूरहून आणलं होतं, ते अक्कानं ओट्यापाशी उभं राहून केलं, आणि तिला कुणी भाषा निवडायला सांगितलं नाही.

त्या ग्रुपमध्ये मला घेतलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो अधिकारी दुकानात आला. मी बसायला सांगितलं नाही. तो उभ्यानंच म्हणाला, “सर, मॅडमचे ते निरोप आम्हाला ॲपवर घ्यायचेत. जसे आहेत तसे. भाषेची अट काढतो. आता लोकांना असंच हवंय, अस्सल. आमच्या नव्या निवेदिकेलाही आम्ही गावांची नावं घ्यायला लावलंय.”

“ऐकलं मी. परवा ती सरगूरच्या श्रोत्यांना नमस्कार करत होती. सरगूरला तुमचं स्टेशन लागतं का?”

त्यानं तो प्रश्न बाजूला सारला. मग म्हणाला, “तुम्ही मॅडमशी बोला ना. अटी तुम्ही सांगाल त्या.”

असा माणूस माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. समोरचा गरजू, अटी माझ्या. माझी जीभ अक्षरशः वळवळली. दोन वर्षं नाही, पाच सांगावीत. कॅमेरा बंद. दहा मिनिटं हाकांची, लेखी. सगळं तोंडाशी आलं होतं.

“तिचा सौदा मी करत नाही,” मी म्हणालो. “घर बोगादीत आहे. तिला जाऊन विचारा. नाही म्हणाली तर तेच ऐका.”

तो गेला की नाही, तिनं काय सांगितलं, मला कळलेलं नाही. विचारायचं तोंड नाही.

या बुधवारी टी. नरसीपूरच्या मामी लग्नाच्या खरेदीला आल्या. मी साड्यांचे गठ्ठे उघडले, भाव सांगितला. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “स्वल्प थांबा.” अकरा वाजले होते. फोनवर अक्काचा निरोप आला. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला.

“बोगादीच्या वहिनी, तूप कढवताना पान घातलंत ना? टी. नरसीपूरच्या मामी, आज बाजारात आहात म्हणे. ऊटा करूनच परत जा, उन्हात बस मिळत नाही. आणि त्या कापडवाल्याकडे गेलात तर नोडा, बघा बरं, तो पहिला भाव दुप्पट सांगतो. अर्ध्यावर आणा. सोडू नका त्याला.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. इतक्या महिन्यांत अक्का माझ्याविषयी काही बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मामींनी साडीचा पदर बोटांत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंत ना?”

“पुन्हा लावा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा लावला. मग त्यांनी अर्धा भाव सांगितला, आणि मी त्याच भावात साडीची घडी घालून बांधायला घेतली.