जुईच्या शेजारची सीट

ॲमस्टरडॅमच्या विमानतळाबाहेर आमची बस दिसली, तशी माझी अकरा वर्षांची लेक जुई पळत जाऊन खिडकीशी बसली. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवून ती ओरडली, "काकू, ही तुझी जागा!"

मी तिच्या मागेच उभी होते. हातात दोघींचे पासपोर्ट, खांद्यावर दोघींची जॅकेटं.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ मंगल. ती कोल्हारला, गावी राहते; आम्ही शहरात, सावेडीत. मी बँकेत आहे आणि जूनपासून माझी बदली नंदुरबारला झाली आहे. हे साखर कारखान्यांची यंत्रं बसवायला वर्षभर फिरतीवर असतात. म्हणून जुई दोन वर्षं मंगलकडे राहून तिकडच्या शाळेत जाणार, असं घरात ठरलं. त्याआधी पाच दिवस लेकीसोबत घालवायचे म्हणून मी ही मुलांसाठीची छोटी बस-सहल शोधली. "काकू आली तरच मी येणार," असं जुई म्हणाली, तेव्हाच मला खटकलं होतं.

मुलांना घेऊन बसने हिंडणं विमानापेक्षा सोयीचं, हे आधी सांगते. दर दोन तासांनी ड्रायव्हरला थांबावंच लागतं. प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह असतं, बऱ्याच ठिकाणी घसरगुंडीही असते. बसमध्ये गरम किंवा सांडणारं काही खायचं नाही. खाकरा, चिक्की चालते. मळमळीसाठी लिंबू, ओवा आणि जाड पिशव्या हाताशी ठेवाव्यात. माझ्याकडे याची दोन पानी यादी होती. मंगलकडे एक पर्स होती.

पहिला मुक्काम पवनचक्क्यांच्या गावी. हिरव्या लाकडी घरांच्या मधून पाण्याचे पाट वाहत होते. एका टपरीवर बाई पॉफर्चेस (पिठीसाखर घातलेले छोटे फुगीर पॅनकेक) करत होती. मंगल तिच्या तव्यापाशी जाऊन उभी राहिली.

"अगं बया! हे तर आपले आप्पेच हायेत की!"

तिनं हातवारे करून बाईकडून काटा घेतला आणि सहा पॅनकेक उलटले. बाई हसून लोटपोट. तिनं जुईला आणि मंगलच्या सहा वर्षांच्या स्वराला फुकट बशी दिली. जुई काकूच्या कमरेला मिठी मारून फोटोला उभी राहिली. फोटो मी काढला.

आमच्या बसमध्ये सीट बदलायची पद्धत होती. रोज सकाळी प्रत्येक कुटुंबानं दोन रांगा मागे सरकायचं आणि शेवटच्यांनी पुढे यायचं, म्हणजे पुढची काच सगळ्यांना मिळते. टूर मॅनेजरचा पहिल्याच दिवशी घोळ झाला, म्हणून तक्ता मी करायला घेतला. कोलोनचं चर्च आणि राइन नदी बघून झाल्यावर, तिसऱ्या सकाळी, मी तक्त्यात मला आणि जुईला अगदी पुढे टाकलं. मंगल आणि स्वराला शेवटची रांग दिली. क्रमानं आम्हा चौघींची जागा चौथ्या रांगेत, शेजारी शेजारी येत होती. चुकून झालं नाही. ठरवून लिहिलं.

जुई माझ्याजवळ बसली. मी नदीकाठचे किल्ले दाखवत होते. ती "हं" म्हणत होती आणि मान वळवून मागे बघत होती.

दुपारी ब्लॅक फॉरेस्टची वळणं सुरू झाली. उंच काळपट झाडं, मध्येच लख्ख कुरण. तेवढ्यात स्वरा सीट धरत धरत पुढे आली.

"मोठी आई, मम्मी ओकतीय."

मी पिशवी शोधेपर्यंत जुई मागे पोहोचलीसुद्धा. मी गेले तेव्हा तिनं काकूचं कपाळ धरलं होतं. मंगलचा चेहरा पांढरा पडला होता. मी लिंबू पुढे केलं. ते हुंगून ती म्हणाली, "ताई, बाकी समदी दोन रांगा सरकली. मीच कशी वो एकदम टोकाला?"

मी जाड पिशवी उघडून तिच्या हातात दिली.

पुढच्या थांब्यावर मुली तळ्याकाठी बदकांमागे धावत होत्या. आम्ही बाकावर बसलो. मी सांगून टाकलं, "जूनपासून ती तुझीच आहे, मंगल. हे पाच दिवस मला हवे होते."

"मग तोंडानं सांगायचं की! मीच बसले असते मागं. लेक तुमची हाय, मी काय पळवून नेनार हाय व्हय?" मग ती म्हणाली, "आन मला लई सोपं हाय, असं समजू नका. मी किती बी केलं, तरी ताप आला की पोरगी 'आई' म्हनूनच रडनार. तवा मी काय करू?"

मी याचा विचारच केला नव्हता. तक्ता मी टूर मॅनेजरला परत दिला. उरलेल्या प्रवासात जुई काकूशेजारीच बसली. राइनचा धबधबा बघताना तिचे केस काकूच्या ओढणीनं पुसले गेले. मला तेव्हाही हेवा वाटला. परतीच्या विमानासाठी झ्युरिकला पोहोचेपर्यंत वाटत राहिला.

मुंबईहून टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो. केडगाव आलं, मग सावेडीतलं आमचं घर. जुई मंगलच्या मांडीवर झोपली होती. उठवल्यावर म्हणाली, "मी आत्ताच काकूबरोबर कोल्हारला जाते. नाहीतरी जूनमध्ये जायचंच आहे."

जुईनंच "नको, आईजवळ राहते" म्हणावं, असं मला वाटत होतं, पण आधी मंगल बोलली.

"उतर खाली. जूनपतोर माझ्या दारात दिसलीस तर बघ!"

"काकू, तू अशी का करतेस?"

"मी अशीच हाय. उतर म्हनलं ना!"

जुई रडत उतरली. मंगलनं दार ओढून घेतलं आणि गाडी कोल्हारकडे जाणाऱ्या मनमाड रोडला लागेपर्यंत खिडकीतून तोंड बाहेर काढलं नाही. तिच्या जागी मी असते, तर असं वाईट होणं मला जमलं असतं का? आता त्याचाही हेवा वाटतो.

फाटकाशी जुई हुंदके देत उभी होती. मी तिच्या बॅगेचा एक पट्टा धरला. दुसरा तिनं सोडला नाही. तशीच दोघींनी ती जिन्यावरून वर नेली.